पेन्शनीतला कुत्रा

परदेशातल्या मुलाने कुत्रा पाळला, ही बातमी नगरच्या सावेडीत आता कोणी बातमी धरत नाही. प्रोफेसर कॉलनीपासून भिस्तबागेपर्यंत ‘मातृछाया’ आणि ‘श्रमसाफल्य’ अशा पाट्यांचे जेवढे बंगले आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी माता आणि श्रम सावेडीत असतात, छाया आणि साफल्य टेक्सासला. तिकडे गेलं की ट्रेडमिल, बार्बेक्यू आणि कुत्रा ओघाने येणारच, हे इथल्या आईवडिलांनी केव्हाच पत्करलं आहे. खळबळ उडते ती पुढच्या तपशिलाने. कुत्रा दहा वर्षांचा आहे. शेल्टरमधून आणलाय. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, मागच्या पायाने जरा लंगडतो, आणि तो मिळावा म्हणून अर्ज करून वर पैसेही भरले आहेत. यातलं मोतीबिंदूपर्यंतचं सगळं सावेडीला समजतं. मोतीबिंदू तर फारच चांगला समजतो. समजत नाही ते पैसे भरणं. लोकांनी सोडून दिलेलं घरात घ्यायचं आणि त्याचे उलट आपणच पैसे मोजायचे, या व्यवहाराला कापडबाजारापासून दाळमंडईपर्यंत कुठेही दाखला सापडत नाही.

मग पोराच्या बचावासाठी दया पुढे केली जाते. लहानपणापासून हळवाच आहे तो, असं म्हणून आई विषय मिटवते आणि वडील पेपर उघडतात. माझं म्हणणं असं की घोटाळा इथेच होतो. म्हातारा कुत्रा घरी आणणं ही दया नाही, तो चोख व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हणूनच तो नगरी माणसाला पटायला हवा. दयेपोटी आणलेल्या कुत्र्याची दया दुसऱ्या महिन्यात ओसरते आणि मग त्याला फिरवायला कोणी न्यायचं यावरून घरात बैठका होतात. हिशोब करून आणलेला कुत्रा टिकतो, कारण हिशोब सहसा ओसरत नाही.

तर हिशोबाची सुरुवात वयापासून. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा पाढा आपण सगळ्यांनी पाठ केलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयाबरोबर होणारे रासायनिक बदल माणसांमधल्या बदलांशी ताडून पाहिले आणि २०२० मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केलं. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढायचा, त्याला १६ ने गुणायचं आणि ३१ मिळवायचे. सावेडीत गणिताच्या निवृत्त प्राध्यापकांचा तुटवडा नसल्यामुळे हे कोणीही चहा होईपर्यंत करून देईल. उत्तर असं येतं की एक वर्षाचा कुत्रा माणसाच्या ३१ वर्षांइतका असतो, आठ वर्षांचा ६४ इतका आणि दहा वर्षांचा ६८ इतका. म्हणजे कुत्रा आधी भरधाव म्हातारा होतो आणि मग निवांत म्हातारा राहतो. महाराष्ट्र शासनाचं ५८ हे निवृत्तीचं वय लावलं तर लॅब्रॅडॉर साडेपाचव्या वर्षीच शाल-नारळ घेऊन घरी येतो. चतुर्थ श्रेणीत असेल तर ६० च्या हिशोबाने आणखी आठ-नऊ महिने मिळतात. आता पाइपलाइन रोडवर पहाटे साडेपाचला जाऊन पाहा. ६८ वर्षांचा माणूस तिथे तरुणांत मोडतो. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात त्याला खुर्च्या लावायला सांगतात. तो बँकेत स्वतः जातो, पासबुक स्वतः भरून आणतो आणि वांबोरीच्या लग्नाला दुचाकीवरून जाऊन येतो. या वयाला ‘आता काय राहिलंय त्याचं’ असं कुत्र्याच्या बाबतीत म्हणणं सोपं आहे, पण ते सावेडीत मोठ्याने म्हणणाऱ्याने आजूबाजूला कोण उभं आहे ते आधी पाहावं.

दुसऱ्या पारड्यात पिल्लू. पिल्लाविरुद्ध बोलणं हे बाळकृष्णाविरुद्ध बोलण्याइतकं अवघड आहे, कारण युक्तिवाद पुरा व्हायच्या आत ते मांडीवर येऊन बसतं. तरीही पुरावा पुरावाच असतो. पिल्लू रात्री रडतं, दिवसा चपला खातं, दात येताना सोफ्याचे पाय कुरतडतं, आणि ते मोठं होऊन केवढं होईल, कसं वागेल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तरी तो छातीठोकपणे सांगतो. शिवाय आपण पिल्लू निवडतो ते फोटो पाहून. सायबेरियन हस्की हा त्याचा कळस आहे. बर्फात गाडी ओढण्यासाठी पिढ्यान् पिढ्या घडवलेला, दुहेरी केसांचा हा प्राणी पर्जन्यछायेतल्या नगरमध्ये, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडत असताना, कूलरपुढे जीभ काढून पडलेला असतो आणि मालक पाहुण्यांना सांगत असतो की याला थंडी फार आवडते. परदेशी जातीचं पिल्लू आणलं तर हौस आणि परदेशात राहून म्हातारा कुत्रा घेतला तर वेडेपणा, ही विभागणी कोणी केली कळत नाही. इंग्लंडमधल्या डॉग्ज ट्रस्ट या संस्थेला १९७८ मध्ये लोकांना बजावावं लागलं होतं की कुत्रा आयुष्यभरासाठी असतो, नुसता नाताळापुरता नसतो. नाताळात भेट दिलेली पिल्लं पुढे वाऱ्यावर सोडली जात. आपल्याकडे नाताळाची जागा बारक्याच्या वाढदिवसाने घेतली आहे एवढाच फरक.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत असलं काही शिल्लक नसतं. त्याची उंची वाढून झालेली असते, स्वभाव ठरून गेलेला असतो, शू कुठे करायची हा प्रश्न त्याने बहुधा स्वतःपुरता सोडवलेला असतो. आणि तो जिवंत आहे, हेच त्याचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र आपल्या देशात किती महाग आहे याची सावेडीकरांना कल्पना हवी. पश्चिम बंगालमध्ये शास्त्रज्ञांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं, तेव्हा सात महिन्यांचं होईपर्यंत त्यांतली जेमतेम १९ टक्के उरली, आणि बरेचसे मृत्यू माणसांच्या कृपेने झाले होते. आपल्या जिल्ह्यात तर वरून आणखी एक परीक्षा आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. उसात राहणाऱ्या त्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशोबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि गावठी कुत्र्यांचा निघाला. तेव्हा उत्तर नगर भागात दहा वर्षांचा कुत्रा दिसला तर त्याने ट्रक, दगड, आजार आणि बिबट्या या सगळ्या पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखती पार केलेल्या आहेत असं समजावं. एमपीएससीचा क्लास लावणाऱ्यांनी त्याला नमस्कार करायला हरकत नाही.

आता ते पैसे आणि तो अर्ज. परदेशातल्या शेल्टरची पद्धत आपल्याकडे ठरवून होणाऱ्या लग्नासारखी आहे, फक्त सगळी छाननी मुलाकडच्यांची होते. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी कुठे आहे, कुंपण किती उंच आहे, दिवसभर घरी कोण असतं, आधीचा कुत्रा कशाने गेला, ओळखीच्या दोन माणसांचे फोन नंबर द्या. मग संस्थेचा माणूस घर पाहायला येतो आणि पोहे न खाता जातो. त्या बदल्यात मुलीकडून, म्हणजे कुत्र्याकडून, काहीही लपवलं जात नाही, आणि इथे मात्र आपली पद्धत पार उताणी पडते. एक डोळा अधू आहे, मांजर सहन होत नाही, विजा कडाडल्या की पलंगाखाली जातो, संधिवाताची गोळी रोज द्यावी लागेल, असं सगळं जाहिरातीतच छापलेलं असतं. आपल्याकडच्या स्थळांच्या माहितीपत्रकात ‘किरकोळ चष्मा’ याच्या पुढे कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मटव्हिल नावाची संस्था २००७ पासून हेच करते. सात वर्षांपुढच्या कुत्र्यांसाठीच ती आहे. तिची एक योजना तर सावेडीत बसून आखल्यासारखी वाटते: बासष्टी ओलांडलेल्या माणसाने तिथला म्हातारा कुत्रा नेला तर शुल्क माफ. पेन्शनरने पेन्शनर न्यावा, दोघांनी एकाच वेगाने चालावं आणि एकाच वेळी दुपारचं आडवं व्हावं, असा तो साधा विचार आहे. सहा महिन्यांचं लॅब्रॅडॉर साखळीला धरून सत्तरीतल्या गुडघ्यांनी गुलमोहर रोड पार करून दाखवावा, म्हणजे या योजनेमागची दूरदृष्टी लक्षात येते.

आक्षेप अर्थातच आहेत, आणि पहिला खर्चाचा. म्हातारपण म्हणजे औषधं, हे खरंच आहे. दात काढावे लागतात, मूत्रपिंडं कुरकुरतात, सांधे धरतात. पथ्यं असतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आज धावले असते तर जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना वाटेतच अडवलं असतं, कारण म्हाताऱ्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाला ते तूप सोसत नाही. कांदा-लसूण तर कुत्र्याला कोणत्याही वयात वर्ज्य. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नेप्तीचं कांदा मार्केट हाकेच्या अंतरावर असताना बारा महिने चातुर्मास पाळणं ही शिक्षा आहे, मान्य. पण पिल्लाच्या लशी, नसबंदी, चपला आणि सोफा यांचा खर्च कोणी वहीत लिहीत नाही म्हणून तो होत नाही असं नाही. म्हाताऱ्याचा खर्च दिसतो, कारण त्याचं बिल एका जागी येतं.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे: तो लवकर जाणार, मग जीव लावायचाच कशाला? याला हिशोबाने उत्तर देणं कठीण आहे हे मी कबूल करतो, पण अशक्य नाही. साठीच्या माणसाने आज पिल्लू घेतलं तर ते आणि तो, दोघे एकाच सुमाराला थकणार; त्यातलं आधी कोण जाईल याची खात्री कोणीच देत नाही, आणि नंतर मागे राहिलेल्या कुत्र्याला न्यायला टेक्सासहून कोण येणार? शेल्टरमधल्या पुष्कळशा म्हाताऱ्या कुत्र्यांची कहाणी नेमकी हीच असते. मालक वारले किंवा वृद्धाश्रमात गेले, मुलांच्या घरात जागा नव्हती. तेव्हा ‘तो लवकर जाईल’ हा दोष मानण्याऐवजी, आपलं आणि त्याचं वेळापत्रक जुळतं, असं पाहायला हवं. हे बोलायला बरं वाटत नाही, पण ज्यांनी मृत्युपत्र करून ठेवलं आहे त्यांना सांगण्यात काही धक्का नसावा. रतन टाटांनीही आपल्या मृत्युपत्रात टिटो नावाच्या कुत्र्याची तरतूद केली होती, आणि हिशोबात त्यांना कोणी कच्चं म्हटलेलं नाही.

तिसरा आक्षेप व्हॉट्सॲपवरून येतो आणि तो सर्वांत लाडका आहे: म्हाताऱ्या कुत्र्याला सोफ्यावर बसवतात आणि म्हाताऱ्या आईबापांना सावेडीत ठेवतात. वाक्याला टाळी आहे, पुरावा नाही. आईबाप सावेडीत राहतात ते सावेडी आवडते म्हणून. टेक्सासला नेलं तर तिसऱ्या आठवड्यात भाजीवाल्याची आठवण काढून उसासे सोडतात. आणि ते सहा महिन्यांच्या व्हिसावर जातात तेव्हा त्या घरात त्यांची स्थिती खरोखर कोणासारखी असते, हे पाहण्यासारखं आहे. गाडी चालवता येत नाही म्हणून दोघेही घरात. दोघांनाही संध्याकाळी सहाला दार उघडण्याची ओढ. दोघांचे गुडघे हवामानखात्याच्या आधी पाऊस सांगतात. विमा कंपन्यांनी तर दोघांना एकाच ओळीत बसवलं आहे: पाहुण्या आईवडिलांच्या विम्यात आणि कुत्र्याच्या विम्यात ‘आधीपासून असलेले आजार’ सहसा वगळलेले असतात. म्हणजे ज्याच्यासाठी विमा काढायचा तेवढंच सोडून बाकी सगळं. अशा घरात पिल्लू असतं तर आजोबांनी त्याच्या मागे धावून कंबर मोडून घेतली असती. दहा वर्षांचा कुत्रा मात्र त्यांच्याशेजारी बसून खिडकीतून बाहेर पाहतो, मराठीत बोललेलं ऐकून घेतो आणि मध्येच ‘हे तुम्ही कालही सांगितलंत’ असं म्हणत नाही.

चौथा आक्षेप धार्मिक आहे, पण त्यात फारसा दम नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत आणि परंपरा त्यांना चार वेद मानते. खंडोबाजवळ कुत्रा आहे. भैरवाचं तर ते वाहनच. नेवाशाजवळच्या देवगडला दत्ताच्या दर्शनाला निम्मी सावेडी जाते. महाभारताच्या शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्यांना स्वर्गात प्रवेश नाही अशा अर्थाचा नियम सांगतो, अगदी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या थाटात. युधिष्ठिर त्या नियमासाठी कुत्रा सोडायला तयार होत नाही. हस्तिनापुरापासून मेरूपर्यंत चालत आलेला तो कुत्रा काही पिल्लू नसणार.

आपल्याकडे म्हाताऱ्या कुत्र्यांचं नीट पुनर्वसन झाल्याचं उदाहरण नाही असंही नाही; फक्त ते सरकारी नोकरीतले होते. २६/११ च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर होते. त्यांनी स्फोटकं हुंगून काढली, पुढे निवृत्त झाले आणि विरारच्या एका फार्मवर एकत्र राहिले. चौघेही २०१६ या एकाच वर्षात गेले. सीझर सर्वांत शेवटी, ऑक्टोबरात. दिल्ली मेट्रोवरच्या सीआयएसएफने २०१९ मध्ये सात कुत्र्यांचा पदकं देऊन रीतसर निरोप समारंभ केला आणि त्यांना एका संस्थेच्या हवाली केलं. निरोप समारंभाला कुत्र्यांनी भाषणं केली नाहीत, त्यामुळे तो वेळेत संपला असावा.

इतकं पटल्यावर एखादा उत्साही सावेडीकर म्हणेल की मग मागवूच एक. ते जमणार नाही, आणि ते जमत नाही हेही एका परीने बरंच आहे. परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला आपल्या सामानाबरोबर दोन पाळीव प्राणी आणता येतात. कस्टमच्या लेखी कुत्रा हा सामानाचाच भाग. त्यासाठी पशु-संगरोध विभागाचं ना-हरकत पत्र लागतं आणि विमान ठरावीक मोठ्या शहरांतच उतरवावं लागतं. त्यांत मुंबई आहे, पुणे नाही. नगरला बसून ऑनलाइन म्हातारा कुत्रा मागवण्याची सोय कोणी केलेली नाही. उलट दिशेने मात्र वाहतूक सुरू आहे. २०२३ मध्ये वाराणसीच्या रस्त्यावरची जया नावाची कुत्री पासपोर्ट काढून नेदरलँड्सला राहायला गेली. आपली पोरं जातात, आता कुत्रीही जाऊ लागली आहेत. सावेडीत पार्किंगची जागा वाढते आहे.

तरी गल्लीत कुत्र्यांची कमतरता आहे असं कोणी म्हणणार नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटके कुत्रे मोजले गेले. रात्री अकराला दुचाकीवरून घरी येणाऱ्याला त्यांतले निम्मे आपल्याच मागे लागले आहेत असं वाटतं, आणि त्याची तक्रार रास्त आहे. रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतात होतात. पण मागे लागतात ते तरुण. म्हातारा कुत्रा उभ्या ॲक्टिव्हाच्या सावलीत पडून हे सगळं नुसतं पाहतो, फार तर एकदा मान वर करतो. त्याला घरात घ्यायचा रस्ता आता सर्वोच्च न्यायालयानेही मोकळा ठेवला आहे: २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करता येईल असं म्हटलं आहे, अट एवढीच की तो पुन्हा रस्त्यावर यायचा नाही. कुंपणाची उंची कोणी विचारणार नाही, दोन ओळखीची माणसंही नकोत. घर पाहायला कोणी यायचीही गरज नाही, कारण ते काम त्याने स्वतःच गेली आठ-दहा वर्षं रोज केलेलं आहे. दूधवाला किती वाजता येतो, फाटकाची कडी कधी लागत नाही, घरात रविवारी काय शिजतं आणि आजोबा आजीच्या नकळत बिस्किट कुठे ठेवतात, हे त्याला पाठ आहे. त्याच्याकडून पसंती केव्हाच आलेली आहे. तेवढी रेबीजची लस मात्र आधी टोचून घ्यावी.